माजघरातून ससूनपर्यंत

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये निघालं. मराठी बायकांच्या आत्मचरित्रांची यादी कुणीही करायला घेतली, तर हे नाव पहिल्या काही ओळींतच येतं. मात्र त्यात नायक आहेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःला बहुतेक वेळा दाराआड उभं केलंय. १६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती गेले आणि पुस्तकही तिथंच मिटलं.

रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. त्यानंतर त्या तेवीस वर्षं जगल्या, आणि त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काम याच तेवीस वर्षांतलं. ‘उंच माझा झोका’ ही मालिका झी मराठीवर लागायची तेव्हा पाटी घेऊन बसलेली छोटी रमा घराघरांत लाडकी झाली. मोठी रमाबाई मात्र अजूनही फारशी कुणाला ठाऊक नाही. त्यांनी उभ्या केलेल्या पुणे सेवासदनाचं नाव काढलं तर पुणेकर म्हणतो, “लक्ष्मी रोडवरची शाळा ना?” शाळा आहे, खरंच. पण ती का निघाली, आणि त्या काळात पेठांमधल्या बायकांनी घराचा उंबरा ओलांडून ससून रुग्णालय, येरवड्याचा तुरुंग आणि आळंदीची जत्रा कशी गाठली, ही हकीगत निवांत सांगण्यासारखी आहे.

रमाबाई मूळच्या कुर्लेकरांच्या. जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. (यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही पुढे याच गावात झाला. एवढ्याशा गावाच्या वाट्याला एवढं यावं!) १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. नवरा एकतिशी ओलांडलेला, पहिली बायको नुकतीच गेलेली, सुधारकांचा पुढारी आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून रानड्यांनी कुमारिकेशी लग्न केलं, त्याबद्दल त्यांना आयुष्यभर टोमणे खावे लागले. त्यांनी त्याची भरपाई एकाच मार्गानं केली. बायकोला शिकवलं.

या शिकण्याची किंमत घरात चुकवावी लागे. वाड्यात वडीलधाऱ्या बायका होत्या आणि माजघरावर राज्य त्यांचं होतं. पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई इंग्रजी शिकवायला यायच्या. धडा झाला की रमाबाईंना अंघोळ करावी लागे, कारण ख्रिस्ती बाईचा विटाळ. त्याशिवाय घरात कशालाही हात लावायची सोय नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कुलासाठी इंग्रजीतलं निवेदन वाचायचं काम १८८४ मध्ये याच रमाबाईंकडे आलं. बाहेर टाळ्या पडल्या आणि घरी आल्यावर बोलणी बसली. त्याच वर्षी मुलींची हुजूरपागेची शाळा सुरू झाली.

मला वाटतं, सेवासदनाची सगळी रीत या माजघरात घडली. माजघराशी भांडून घर सोडणं रमाबाईंना जमण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना ते करायचंही नव्हतं. रागावलेल्या बायकांच्या पंगतीलाच बसून आपलं शिकणं कसं चालू ठेवायचं, याची तालीम त्यांना वीस-पंचवीस वर्षं मिळाली होती. पुढे शेकडो घरांतल्या सासवांची समजूत घालताना ती तालीम कामी आली.

दुसरा धडा त्यांना दुसऱ्या रमाबाईंकडून मिळाला. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि रानड्यांच्या घरच्या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या. पुढे पंडिता विलायतेला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेत पैसा उभा करून परतल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन उघडलं. उच्चवर्णीय बालविधवांना राहायला आणि शिकायला मिळालेली ती पहिलीच मोठी जागा. दुसऱ्याच वर्षी सदन पुण्यात आलं. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. मग १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं असा बोभाटा झाला, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी मुली भराभर परत नेल्या.

यात कोण चुकलं हा वाद अजून मिटलेला नाही. पण पुण्यातल्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरांनी एक खूणगाठ बांधली: ‘सदन’ नावाच्या ठिकाणी बाई गेली की हातची गेली. अशा शहरात सोळा वर्षांनी पुन्हा एक ‘सदन’ काढायचं होतं.

मधल्या काळात अण्णासाहेब कर्व्यांनी वेगळी वाट काढली होती. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला, गावाबाहेर, रानात. एका परीनं ते शहाणपणाचं होतं. गावाच्या जिभेपासून लांब. पण आश्रमात यायला बाईला घर सोडावं लागे. घरातच राहिलेल्या बाईचं काय? नवरा आहे, मुलं आहेत, सासू आहे, दुपारी दोन-तीन तास मोकळे आहेत, आणि त्या वेळात निवडण-टिपणाखेरीज करण्यासारखं काही नाही, अशा बाईचा विचार कुणीच केला नव्हता. घरातल्या कोपऱ्यात आलवण नेसून बसलेल्या विधवेलाही काही सगळ्या घरांनी हिंगण्याला पाठवलं नसतं.

न्यायमूर्ती गेल्यावर रमाबाई मुंबई सोडून पुण्याला, रे मार्केटजवळच्या (म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईजवळच्या) जुन्या वाड्यात राहायला आल्या. वर्षभर त्या बाहेर पडल्याच नाहीत. त्यानंतर हळूहळू कामं अंगावर आली. १९०४ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या जोडीनं भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्या होत्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात त्या नियमित जाऊ लागल्या. तिथल्याच रिफॉर्मेटरीतल्या मुलांशी बोलायच्या, सणावाराला त्यांना गोडधोड वाटायच्या. रुग्णालयांतल्या आजाऱ्यांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन द्यायच्या. विधवेनं देवळात जावं, पुराण ऐकावं, पोथी वाचावी, एवढी मुभा समाजानं दिली होती. रमाबाईंनी त्याच मोकळ्या वेळात तुरुंग आणि दवाखाना बसवला. त्यावर कुणी काय म्हणणार? पुण्यकर्मच की ते!

ती पहिली काही वर्षं एकटीची भटकंती होती. तिची संस्था व्हायला दोन माणसं मुंबईत आधी भेटावी लागली. पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी आणि सिंधी न्यायाधीश दयाराम गिडुमल. मलबारी हे संमतिवयाच्या कायद्यासाठी झगडलेले, त्यामुळे सनातन्यांच्या डोळ्यांत सलणारे. या दोघांनी जुलै १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केलं. जातधर्म न पाहता बायकांनी बायकांची सेवा करायची, त्यासाठी स्वतः तयार व्हायचं आणि दुसरीला तयार करायचं, अशी कल्पना. अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. मुंबईत अशा कामाला जमीन तयार होती. पारशी बायकांनी १९०३ मध्येच स्त्री झरथोस्ती मंडळ काढलं होतं, कामा हॉस्पिटल १८८६ पासून उभं होतं. पुण्यात काय होतं? पुण्यात होत्या पेठा.

२ ऑक्टोबर १९०९ ला पुणे सेवासदन सुरू झालं, ते रानड्यांच्या वाड्यात. सुरुवातीला मुंबईच्या संस्थेच्या छायेत, पुढे स्वतंत्रपणे. जागेची ही निवड फार विचारानं केलेली दिसते. भाड्याची इमारत घेतली असती तर ती ‘संस्था’ झाली असती. वाड्यात जायचं म्हणजे रमाबाईंकडे जायचं. “जरा रानड्यांकडे जाऊन येते” असं सांगून निघालेल्या सुनेला अडवायला सासूला सबळ कारण शोधावं लागलं असतं.

दुपारी स्वयंपाकघर आवरलं की बायका यायच्या. काहींना लिहायला-वाचायला शिकायचं असे, काहींना शिवण, काहींना थोडं इंग्रजी. प्रथमोपचार आणि घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा हे विषय आले. गाणंही आलं. शिकवणाऱ्यांत बऱ्याच जणी हौसेनं, बिनपगारी काम करणाऱ्या. हे सगळं कागदावर अगदी साधं दिसतं. पण त्या काळी पुण्याच्या रस्त्यावरून वीस-बावीस वर्षांची सवाष्ण पुस्तक हातात घेऊन चालली तर दारादारांत डोकी बाहेर येत. रोज दुपारी ठरलेल्या वेळी अशा बायका एकाच दिशेनं जाताना दिसू लागल्या, हा बदल भाषणांपेक्षा मोठा होता. डोळ्यांना सवय लागली की जीभ आपोआप थकते.

संस्थेचा दुसरा खांब गोपाळ कृष्ण देवधर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, त्याच्या अगदी पहिल्या सभासदांपैकी एक. सहकारी चळवळीतला जाणता माणूस. हिशेब, वर्गण्या, सरकारी अनुदानं, अहवाल, शाखा हे सगळं देवधरांनी सांभाळलं. पुढे १९२७ पासून १९३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते, तरी सेवासदन त्यांनी सोडलं नाही. स्त्रियांच्या संस्थांचा इतिहास लिहिताना अशा पुरुषांचं काय करायचं, हा पेच असतो. सगळं श्रेय त्यांना द्यावं तर बायका झाकल्या जातात. त्यांना वगळावं तर हकीगत खोटी होते. मला कामाची वाटणी अशी दिसते: पैसा कुठून येणार याची काळजी देवधरांची, आणि बाई कुठून येणार याची रमाबाईंची. दुसरं काम अवघड होतं. पैशासाठी अर्ज करता येतो.

आता ससूनकडे येतो. सेवासदनाच्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी पान तेच आहे, असं माझं मत.

१८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय पेठांपासून तसं फार लांब नाही, पण मनानं फार लांब होतं. स्टेशनजवळ, सरकारी, साहेबाचं. त्यात भर पडली १८९७ च्या प्लेगची. गोरे शिपाई घराघरांत शिरले, बायकांची तपासणी झाली, माणसं ओढून इस्पितळात नेली, ती परत आली नाहीत. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हा संताप होता. ही आठवण जेमतेम बारा-चौदा वर्षांची असताना सेवासदन पेठांतल्या घरांना सांगत होतं: तुमच्या बायका ससूनला पाठवा, त्यांना नर्स आणि सुईण होऊ द्या.

त्या बाईला काय करावं लागणार होतं, ते डोळ्यांपुढे आणून पाहा. सुईणीचं काम गावगाड्यात ‘खालच्या’ मानलेल्या जातींच्या बायकांकडे होतं. ब्राह्मण घरात बाळंतीण दहा दिवस कोपऱ्यात, तिला शिवायचं नाही. इथं शिवणं हीच नोकरी. रक्त, लघवी, जखमेतला पू, मेलेलं माणूस, सगळ्याला हात लावायचा. आजारी कुठल्या जातीचा ते विचारायचं नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणार. रात्रपाळी असणार, म्हणजे बाई रात्री घराबाहेर राहणार. नर्स म्हणजे ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन बाई, अशीच लोकांची समजूत. सकाळी ओलेत्यानं स्वयंपाक करणाऱ्या सोवळ्या बाईला यातली एकही गोष्ट नुसती ऐकवणंसुद्धा कठीण.

तरीही बायका मिळाल्या. बऱ्याच जणी विधवा होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही फार गरिबीतल्या. रमाबाईंनी पटवून सांगितलं ते सेवेच्या भाषेत. आजाऱ्याची शुश्रूषा हे पुण्य, रुग्ण हा देव, वगैरे. आज ही भाषा जुनाट वाटते. पण तिच्याआड एक रोखठोक हिशेब होता: शिकाऊ बाईला राहायला वसतिगृह, शिकून झालं की पगार, आणि पगार आला की घरातल्या तुकड्यावर जगणं संपलं. दिराच्या संसारात बिनपगारी स्वयंपाकीण होऊन राहिलेल्या विधवेला हा हिशेब कुणी वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

संस्थेनं शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृहं काढली, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वेगळं काढलं. वसतिगृह हा सगळ्या योजनेचा कणा. ‘रमाबाईंच्या वसतिगृहात असते’ एवढं म्हणता आलं की निम्मी तोंडं बंद होत. लेडी डफरिन फंडाच्या रूपानं सरकारी पातळीवर बायकांच्या औषधोपचाराची चर्चा १८८५ पासून चालू होती. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर होऊन पुढच्याच वर्षी गेली, त्याचं कौतुक आणि हळहळ दोन्ही झालं होतं. पण एक डॉक्टर ही कौतुकाची गोष्ट असते. दवाखाना चालतो तो वीस परिचारिकांवर, आणि त्यांचं कौतुक कुणी करत नाही. सेवासदनानं हे बिनकौतुकाचं काम उचललं.

त्या वेळचं वातावरण कळावं म्हणून रमाबाईंच्या चरित्रांतून येणारा एक प्रसंग सांगतो. संस्थेचा वार्षिक समारंभ होता. बक्षीस घ्यायला एक विधवा व्यासपीठाकडे निघाली. केशवपन केलेली, पांढरं लुगडं डोक्यावरून घेतलेली. प्रेक्षकांत कॉलेजची मुलं होती, त्यांनी हुर्यो केली. रमाबाई सहसा चिडत नसत. त्या दिवशी चिडल्या. तुम्ही स्वतःला शिकलेले म्हणवता आणि रूढीनं जिचं हे केलं त्या बहिणीला हसता, या अर्थाचे चार शब्द त्यांनी सुनावले आणि सभागृह चिडीचूप झालं. मला या प्रसंगात रमाबाईंच्या रागापेक्षा त्या बाईचं धैर्य जास्त मोठं वाटतं. घरातही चारचौघांसमोर यायला बंदी असलेली बाई भर सभेत बक्षीस घ्यायला उठली होती. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सेवासदनाचा दुसरा मोठा विभाग शिक्षिका तयार करण्याचा. बायकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, त्याला जोडून सरावासाठी शाळा. पुण्यात सरकारी फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून होतं, आणि गंमत म्हणजे लहान रमेला शिकवायला घरी आलेल्या सगुणाबाई देव तिथल्याच. पण मुलींच्या शाळा वाढू लागल्या तशा शिक्षिका पुरेनात. लोक पुरुष मास्तरांकडे मुली पाठवायला कचरत आणि बाई मास्तर मिळत नसे. या गाठीवर सेवासदनानं बोट ठेवलं. शिक्षिकेच्या कामाला विरोध कमी होता, त्यामुळे हा विभाग भराभर वाढला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. विरोध नसलेल्या कामाची हकीगत थोडक्यात आटोपते.

सेवेचं क्षेत्र पुण्यापुरतं राहिलं नाही. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा मदतीची व्यवस्था लावायला रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आषाढी-कार्तिकीला आळंदीला जायला सुरुवात केली. वारकरी बायकांची सोय पाहायची, अडल्यानडल्याला मदत करायची, एवढंच काम.

जत्रेत स्वयंसेवक आज इतके दिसतात की त्यात काय विशेष, असं वाटेल. तेव्हा इंद्रायणीकाठी जमणाऱ्या गर्दीत बंदोबस्ताला जी माणसं असत, ती सगळी पुरुष. पोलीस पुरुष, डॉक्टर पुरुष, आरोग्य खात्याचे शिपाई पुरुष. जत्रा म्हटली की पटकीची धास्ती ठरलेली. खेड्यातून पायी आलेल्या बाईला जुलाब सुरू झाले, पोटात दुखू लागलं, सोबतीच्या बायकांची चुकामूक झाली, तर ती सांगणार कुणाला? परक्या पुरुषाला सांगण्यापेक्षा ती नदीकाठी तशीच पडून राहणार. शहरातल्या शिकलेल्या बाईनं तिच्याशेजारी बसून “काय होतंय गं माय?” असं विचारणं ही त्या दोघींच्याही आयुष्यातली नवी गोष्ट होती. पेठेतल्या बाईची आणि शेतकरणीची गाठ एरवी दाणे विकत घेताना पडली तर पडे.

आणि यातली चतुराई पाहा. सासरच्यांनी ससूनला जायला नाही म्हटलं असतं, तुरुंगात जायला तर नाहीच नाही. पण आळंदीला, माउलीच्या दारी? तिथं जाऊ नको म्हणायची कुणाची छाती होती? परंपरेनं बाईला जी मोजकी दारं उघडी ठेवली होती, देऊळ, जत्रा, पुराण, हळदीकुंकू, त्याच दारांतून रमाबाईंनी तिला सार्वजनिक कामात आणलं. याला कुणी तडजोड म्हणेल. म्हणू दे. पंडिता रमाबाईंचं बंड केव्हाही मोठं, त्याबद्दल शंका नाही. पण बंडखोर एकटी पडते, आणि पुण्यासारख्या गावात शेकडो बायकांना घरात राहूनच बाहेर आणायचं तर ही वाट लागत होती.

या वाटेची मर्यादाही सांगायला हवी. सेवासदनात येणाऱ्या बायका बहुतांशी पांढरपेशा, वरच्या जातींच्या. सेवा घेणारी कुठल्याही जातीची, पण सेवा शिकायला येणारी ठरावीक घरांतली. सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा चालवल्या, विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, आणि प्लेगात रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ‘रुग्णाला हात लावणारी बाई’ ही गोष्ट पुण्यात सेवासदनाच्या आधीच घडून गेली होती. पण तेव्हाच्या पेठांतल्या सुधारकांनी सावित्रीबाईंकडे पाठ फिरवली होती, आणि तोच धडा आपल्या घरच्या बाईकडून शिकायला त्यांना आणखी बारा-चौदा वर्षं लागली. सेवासदनाचं कौतुक करताना हे हातचं राखून चालत नाही.

राजकारणाच्या बाबतीतही संस्था मवाळांची. गोखले-रानडे वळणाची, सरकारी अनुदान घेणारी, गव्हर्नरला समारंभाला बोलावणारी. जहालांना ते खुपे. पण जिथं हक्काचा प्रश्न आला तिथं रमाबाई मवाळ राहिल्या नाहीत. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा पैसा पुरणार नाही, आधी मुलांचं पाहू, मुलींचं मागून, असा सूर निघाला. बायकांनी रस्त्यावर येऊन मागणी केली की सक्ती करायची तर मुलींनाही करा. या चळवळीच्या पुढे साठीला टेकलेल्या रमाबाई होत्या. पाठोपाठ १९२१-२२ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या बायकांना मतदानाचा अधिकार मिळावा म्हणून चाललेल्या खटपटीतही त्या होत्या. तो अधिकार मिळाला, अर्थात मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या मोजक्या बायकांनाच. दुपारच्या शिवणवर्गातून बायका मोर्चापर्यंत कशा आल्या, याचं उत्तर मला तरी साधं वाटतं. रोज घराबाहेर पडायची सवय झाली होती, आणि आपल्यासारख्या आणखी किती आहेत हे एकमेकींनी पाहिलं होतं.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. गांधीजींनी त्यांच्यावर लिहिलं, त्यात सेवासदनासारखी दुसरी संस्था देशात नाही असं म्हटलं. पण आरंभ केला तो आदर्श हिंदू विधवा आणि थोर पतीची खरी सहचारिणी म्हणून. मृत्यूनंतरही बाईंची ओळख नवऱ्याच्या दारावरूनच जात होती. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

संस्था मात्र थांबली नाही. सोलापूर, नागपूर अशा गावांत सेवासदन नावाच्या संस्था उभ्या राहिल्या आणि आजही तिथं मुलींच्या शाळा चालतात. पुण्यात लक्ष्मी रोडवर आणि एरंडवण्यात काम चालू आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीचं दिलासा केंद्रही सेवासदनाचंच. मुंबईचं मूळ सेवासदन गावदेवीत आहे, आणि ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याचं नाव पंडिता रमाबाई मार्ग. आयुष्यात वाटा वेगळ्या झालेल्या दोन रमाबाई पत्त्यात तरी एकत्र आल्या.

राहता राहिली एक गोष्ट. या सगळ्या हकीगतीत नावं आली ती पुढाऱ्यांची. ससूनला पहिल्यांदा गेलेल्या, वसतिगृहात राहून सुईणीची परीक्षा दिलेल्या, नंतर कुठल्या कुठल्या तालुक्याच्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बायकांची नावं कुणाच्या तरी घरात आहेत. पणजीचं सर्टिफिकेट, गटात उभं राहून काढलेला फोटो, संस्थेचा जुना वार्षिक अहवाल, पगाराच्या हिशेबाची वही, असं काही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला घालू नका. त्याची एक प्रत करून संस्थेकडे किंवा जवळच्या ग्रंथालयाकडे द्या, आणि मागच्या बाजूला त्या बाईचं माहेरचं नावही लिहा.